वर्ल्डकॅटवर मराठी पुस्तकं शोधताय? नाव टाकत बसू नका, विषयावर क्लिक करा

अमेरिकेत, कॅनडात, इंग्लंडात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी मुख्यतः हे लिहितेय, पण पुण्या-मुंबईत बसून पीएचडी करणाऱ्यांनाही उपयोग होईल. वर्ल्डकॅट डॉट ऑर्ग ही साइट बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते, एकदा उघडून बघितलेली असते आणि "तिथे मराठीतलं काही सापडत नाही" म्हणून सोडून दिलेली असते. माझं मत सरळ सांगते, जुनं मराठी पुस्तक जगात कुठल्या लायब्ररीत आहे हे घरबसल्या शोधायला याच्याइतकी दांडगी सोय मला दुसरी माहीत नाही. फक्त ती वापरायची रीत वेगळी आहे आणि ती कोणी सांगत नाही, म्हणून एवढं सविस्तर.

आधी हे आहे काय ते थोडक्यात. ओहायो राज्यातल्या कॉलेजांनी १९६७ साली मिळून एक संस्था काढली, ओसीएलसी. हेतू असा की एका लायब्ररीने पुस्तकाची नोंद नीट केली की दुसरीने तीच परत करायचा खटाटोप करू नये, तीच नोंद उचलावी. २६ ऑगस्ट १९७१ ला ओहायो युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत पहिल्यांदा असं ऑनलाइन कॅटलॉगिंग झालं, म्हणजे इंटरनेट सामान्य माणसापर्यंत यायच्या किती आधी बघा. आज त्या सामायिक कॅटलॉगात पन्नास कोटींपेक्षा जास्त नोंदी आहेत आणि २००६ पासून तो सगळ्यांना फुकट शोधता येतो. पुस्तक शोधलं की तुमच्या पिनकोडजवळची, म्हणजे अमेरिकेतल्या भाषेत झिपकोडजवळची, कुठली लायब्ररी ते बाळगून आहे ते अंतरासकट दाखवतो.

आता मराठी पुस्तकं तिथे कशी, हा प्रश्न मला सगळ्यात आधी पडला होता, कारण शिकागोच्या किंवा पेनसिल्व्हेनियाच्या विद्यापीठात सांगली-कोल्हापूरकडच्या छोट्या प्रकाशकाचं पुस्तक दिसलं की आश्चर्य वाटतंच. त्याचं मूळ गव्हात आहे. १९५४ चा अमेरिकेचा पब्लिक लॉ ४८० नावाचा कायदा, आपल्याकडे जुन्या लोकांना पीएल ४८० चा लाल गहू म्हणून आठवतो तोच. त्या अमेरिकन धान्याचे पैसे भारत सरकारने रुपयांत भरायचे होते आणि ते रुपये भारतातच खर्च करायचे होते. मग कायद्यात दुरुस्ती होऊन त्यातल्या काही पैशांतून पुस्तकं घ्यायची मुभा लायब्ररी ऑफ काँग्रेसला, म्हणजे वॉशिंग्टनच्या मोठ्या सरकारी लायब्ररीला मिळाली, १९६२ पासून त्यांच्या दिल्लीच्या ऑफिसने भारतीय भाषांमधली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. रुपयांचा तो साठा नंतर संपला पण दिल्लीचं ऑफिस चालू राहिलं. म्हणून साठच्या दशकापासूनचं मराठी साहित्य, समाजशास्त्र, स्थानिक इतिहास, गॅझेटियर, एवढंच काय स्मरणिकासुद्धा तिकडच्या कपाटांत आहेत. आपल्याकडे ज्याची एक प्रत मिळायची मारामार ते पुस्तक तिथे बाइंडिंग करून ठेवलेलं असतं.

बरं, मग सापडत का नाही? कारण या नोंदी बहुतेक रोमन लिपीत आहेत आणि ते रोमन आपण व्हॉट्सॲपवर टाइप करतो तसलं नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसची लिप्यंतराची एक ठरलेली पद्धत आहे, तिच्यात प्रत्येक अक्षरातला 'अ' लिहावा लागतो, आपण उच्चारात खाऊन टाकतो तोसुद्धा. त्यामुळे 'कामगार' हा शब्द आपण के-ए-एम-जी-ए-आर असा टाकतो आणि रिझल्ट एकतर शून्य नाहीतर भलतेच, त्यांच्याकडे तो के-ए-एम-ए-जी-ए-आर-ए असा असतो. 'इतिहास' च्या शेवटी ए लावायचा, 'पुस्तक' च्या शेवटीही. दुसरी मेख च आणि छ ची. त्यांच्या पद्धतीत च म्हणजे नुसता सी, आणि सीएच म्हणजे छ. 'चळवळ' शोधायचं असेल तर सी-ए-एल-ए-व्ही-ए-एल-ए. 'चरित्र' सुद्धा सी ने सुरू. ही एक गोष्ट कळली तरी निम्मं काम होतं. अक्षरांवरच्या रेघा, खालचे टिंब वगैरे टाकायची गरज नाही, साधं रोमन चालतं.

देवनागरीत टाइप केलं तर? काही नोंदींना मूळ लिपीतलं नावही जोडलेलं असतं, अशी पुस्तकं मिळतात, विशेषतः अलीकडची. पण जुन्या नोंदींमध्ये देवनागरी नाहीच. त्याला कारण आहे, ऐंशीच्या दशकात कॅटलॉगात रोमन सोडून इतर लिप्या यायला लागल्या तेव्हा जपानी, अरबी, चिनी, कोरियन, फारसी, हिब्रू, यिद्दिश या भाषांचा नंबर आधी लागला, भारतीय लिप्या त्या यादीत नव्हत्या, त्या खूप उशिरा आल्या. म्हणून मी दोन्ही करते, आधी देवनागरीत बघायचं आणि मग त्यांच्या रोमनमध्ये. एकाच पुस्तकाच्या दोन-तीन वेगवेगळ्या नोंदीही दिसतात, एकीत चार लायब्ऱ्या, दुसरीत एकच, तर पहिली नोंद बघून "फार लांब आहे" असं ठरवू नका, खालच्याही उघडा, कधीकधी जवळची प्रत तिसऱ्या नोंदीखाली लपलेली असते.

हे झालं स्पेलिंगचं. पण ज्यासाठी मी ही साइट इतकी मनापासून रेकमेंड करतेय ती गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे सब्जेक्ट हेडिंग, विषयशीर्षकं. नोंद उघडली की खाली 'सब्जेक्ट्स' म्हणून निळ्या अक्षरात काही शब्द असतात, लोक त्यांच्याकडे बघतही नाहीत. तिथेच खरा माल आहे.

माझं उदाहरण देते. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते, साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. मला गिरणगावाबद्दल जे जे लिहिलं गेलंय ते वाचायचंय, किती वर्षांपासून. आता हे शोधणार कसं? पुस्तकांच्या नावात 'गिरणी' असेलच असं नाही. कोणी आत्मचरित्र लिहिलंय त्याचं नाव काहीतरी काव्यात्म असतं, कोणी युनियनचा इतिहास लिहिलाय, कोणी खानावळवाल्या बायकांवर प्रबंध केलाय, कोणी १९८२ च्या संपावर, जो १८ जानेवारीला सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार ज्यात उतरले, त्याच्यावर लिहिलंय. नावाने शोधून हे सगळं एकत्र येणं शक्यच नाही. पण माहीत असलेलं एक पुस्तक उघडलं, खाली बघितलं तर लिहिलं होतं 'टेक्स्टाइल वर्कर्स', मग दोन छोट्या रेघा, 'इंडिया', मग दोन रेघा, 'मुंबई'. त्याच्यावर क्लिक केलं आणि समोर आलेली यादी बघून मी अक्षरशः उभीच राहिले. मराठी होतीच, शिवाय इंग्रजी, आणि ज्यांच्याबद्दल मला कधी कळलंच नसतं असे परदेशी विद्यापीठांतले प्रबंध. कुणीतरी कॅटलॉगरने कुठल्यातरी ऑफिसात बसून प्रत्येक पुस्तक उघडून, हे कशाबद्दल आहे ते बघून, त्याला ठरलेला तोच शब्द लावला, म्हणून ती सगळी एका जागी आली. गूगलच्या सर्चमध्ये असं एका ठरलेल्या विषयाखाली सगळं एकत्र येत नाही.

तिथून पुढे साखळी लागते. त्याच पुस्तकांच्या खाली 'स्ट्राइक्स अँड लॉकआउट्स' मग 'टेक्स्टाइल इंडस्ट्री' मग इंडिया मग मुंबई असं हेडिंग दिसलं. मग 'लेबर मूव्हमेंट', मग 'वर्किंग क्लास'. ही शीर्षकं पोस्टाच्या पत्त्यासारखी वाचायची, फक्त उलटी, आधी मोठी गोष्ट मग देश मग गाव मग शेवटी 'हिस्टरी' किंवा 'बायोग्राफी'. शेवटचा तुकडा काढला की जाळं मोठं होतं, लावला की बारीक. सर्च बॉक्समध्ये स्वतः टाइप करायचं असेल तर एस-यू लिहून कोलन आणि पुढे विषय, किंवा ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये सब्जेक्ट निवडा आणि भाषेच्या फिल्टरमध्ये मराठी. अमेरिकन स्पेलिंग वापरायचं हे लक्षात असू द्या, 'लेबर' मध्ये यू नाही. आणि मुंबईच्या बाबतीत 'बॉम्बे' टाकूनही बघा, कारण अधिकृत शीर्षक बदललं तरी सगळ्या लायब्ऱ्यांनी आपल्या जुन्या नोंदी बदललेल्या नसतात.

काही उपयोगी शीर्षकं सांगून ठेवते, 'फोक साँग्ज, मराठी' ओव्या-लोकगीतांसाठी, 'ऑथर्स, मराठी' लेखकांच्या चरित्रांसाठी, 'महाराष्ट्र (इंडिया)' आणि पुढे 'सोशल लाइफ अँड कस्टम्स' सणवार, चालीरीती यांसाठी. हे शेवटचं म्हणजे खजिना आहे.

लेखकांच्या नावांचंही असंच एक ठरलेलं रूप असतं. ज्ञानेश्वर माउली तिथे 'ज्ञानदेव, ॲक्टिव्ह १२९०' अशा नोंदीखाली आहेत. पहिल्यांदा वाचताना खटकतं, पण १२९० म्हणजे शके १२१२, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली ते साल, म्हणजे पक्की माहीत असलेली तारीख त्यांनी धरली. ज्ञानेश्वर, ज्ञानोबा, ज्ञानदेव, कुठल्याही नावाने पुस्तक छापलेलं असो, त्या एका नोंदीशी बांधलेलं असतं. व्हायाफ (व्ही-आय-ए-एफ) नावाची अजून एक मोफत साइट आहे, २००३ साली सुरू झालेल्या प्रकल्पातून आलेली, तिथे वेगवेगळ्या देशांच्या राष्ट्रीय लायब्ऱ्या एकाच लेखकाचं नाव कसं लिहितात ते एकत्र बघता येतं. स्पेलिंग अडलं की मी तिथे जाते.

आता उणिवा, कारण त्या आहेत आणि मोठ्या आहेत.

कथा-कादंबऱ्या-कवितांना विषयशीर्षक लावायची पद्धत लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पूर्वीपासून फारशी नाही. त्यामुळे गिरणगावावरची कादंबरी वरच्या यादीत येणारच नाही, कविता तर नाहीच नाही. आणि कामगारांचं जगणं मराठीत सगळ्यात ताकदीने आलंय ते कवितेत आणि कथेत. हे मला फार लागतं. त्यांच्यासाठी लेखकाच्या नावानेच जावं लागतं, म्हणजे जे आधीच माहीत आहे तेच सापडतं.

दुसरं म्हणजे शब्द कोणाचे. ही शीर्षकं १८९८ पासून वॉशिंग्टनला घडत आलीत, तिथल्या वाचकाला डोळ्यासमोर ठेवून. दलितांवरची पुस्तकं कितीतरी वर्षं 'अनटचेबल्स' या शीर्षकाखाली होती, ज्या माणसांनी तो शब्द नाकारण्यासाठी आयुष्य वेचलं त्यांचीच पुस्तकं त्या शब्दाखाली. आता ते 'दलित्स' झालंय, ही चांगली गोष्ट. बदल होतात पण भांडावं लागतं. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांसाठी 'इल्लीगल एलियन्स' हा शब्द काढा म्हणून अमेरिकेत डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये मागणी केली, २०१६ ला लायब्ररीने मान्य केलं, मग तिथल्या संसदेत त्यावरून वाद झाला आणि प्रत्यक्ष बदल व्हायला २०२१ उजाडलं. पण विषयशीर्षक सुचवायची सोय आहे, लायब्ऱ्यांमार्फत, हे मराठी अभ्यासकांनी डोक्यात ठेवलं पाहिजे. आपल्या कितीतरी गोष्टींना तिथे नेमका शब्द नाही, त्या 'इंडिक', म्हणजे सरसकट 'भारतीय', नावाच्या मोठ्या पोत्यात जातात.

आणि मराठीत विषयशीर्षकं नाहीत. फ्रेंच लोकांनी स्वतःची यादी केली, रामो नावाची, तिचं मूळ याच अमेरिकन यादीत आहे पण आता ती पूर्ण त्यांची आहे, म्हणून वर्ल्डकॅटवर फ्रेंच लायब्ररीच्या नोंदीत फ्रेंच विषय दिसतात. जर्मनांचीही स्वतःची आहे. माझ्या आईला इंग्रजी वाचता येत नाही पण वाचनाची आवड प्रचंड, तिला 'गिरणी कामगार' असं टाकून ही सगळी यादी का मिळू नये? विकिडेटावर, म्हणजे विकिपीडियाच्या माहितीसाठ्यावर, प्रत्येक विषयाला लायब्ररी ऑफ काँग्रेसचा क्रमांक जोडता येतो आणि मराठी नावही देता येतं, हे काम कोणीही स्वयंसेवक आज बसून करू शकतो. माझी कळकळीची विनंती आहे, ज्यांना वेळ आहे त्यांनी करा.

वाचायला काय मिळतं हा पुढचा प्रश्न. वर्ल्डकॅट स्वतः पुस्तक देत नाही, कुठे आहे ते सांगतो. जुनी, कॉपीराइट संपलेली पुस्तकं हाथीट्रस्टवर, म्हणजे विद्यापीठांच्या लायब्ऱ्यांच्या सामायिक डिजिटल साठ्यात, स्कॅन असतात, अमेरिकेत प्रकाशनाला पंच्याण्णव वर्षं झालेलं साधारणपणे खुलं होतं, भारतातून बघितलं तर त्यातलं कमी दिसतं. शब्दकोशांसाठी शिकागो विद्यापीठाची डिजिटल साउथ एशिया लायब्ररी उत्तम आहे, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि य. रा. दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही तिथे शोधता येतात, तेही फुकट. भारतातल्यांसाठी आयआयटी खरगपूरने उभी केलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे, जून २०१८ ला राष्ट्राला अर्पण झालेली, आणि विद्यापीठांच्या पुस्तकांसाठी इन्फ्लिबनेट या संस्थेचा इंडकॅट हा सामायिक कॅटलॉग.

पण बाकीचं सगळं, त्यात १९६० नंतरचं जवळपास सगळं मराठी आलंच, ते हातातच घ्यावं लागतं. त्यासाठी इंटरलायब्ररी लोन, म्हणजे आपल्या लायब्ररीने दुसऱ्या लायब्ररीकडून पुस्तक मागवून देणं. तुमच्या गावच्या पब्लिक लायब्ररीचं कार्ड असलं की बहुतेक ठिकाणी ही सोय मिळते, काही जण थोडे पैसे घेतात, बरेच जण काहीच नाही. फॉर्ममध्ये वर्ल्डकॅटचा ओसीएलसी नंबर टाका, तो नोंदीतच असतो, त्याने काम फार सोपं होतं कारण काउंटरवरच्या बाईंना मराठी नाव वाचायची, टाइप करायची वेळच येत नाही. एका मोठ्या विद्यापीठाने मला एकदा साफ नकार कळवला, कारण काय तर बाहेरच्यांना दुर्मीळ प्रत देत नाही, आणि ते पुस्तक दुर्मीळ वगैरे काही नव्हतं, साधी १९७४ ची कामगारवस्तीची पाहणी. वाईट वाटलं पण आमच्या लायब्ररीतल्या बाईंनी लगेच दुसऱ्या नोंदीखालची प्रत मागवली आणि ती आली.

काय आलं ते सांगायलाच पाहिजे. जाड हिरव्या कापडी बाइंडिंगमधलं पुस्तक, कण्यावर पांढऱ्या रोमन अक्षरांत नाव, वर एक कागदी पट्टी गुंडाळलेली, त्यावर परत करायची तारीख आणि पट्टी काढू नका अशी सूचना. मूळ पातळ कव्हर आत तसंच शिवून ठेवलेलं, त्याच्यावर किंमत आठ रुपये. मागे तारखांचे शिक्के मारायचा कागद, पूर्ण कोरा. आतल्या एका तक्त्यात चाळीवार खोल्या, माणसं, नळ असे आकडे, आणि आजोबा ज्या चाळीत गाळ्यावर राहायचे तिचं नाव. मी फोटो काढून भावाला पाठवला, तो परळला असतो, त्याला हे पुस्तक मुंबईत मिळालं नव्हतं.

आणि तेच माझं सगळ्यात मोठं दुःख आहे. मुंबईत ते नसेल असं नाही, असणारच. पण कुठल्या लायब्ररीत ते घरबसल्या कळायचा मार्ग नाही. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, अ, ब, क, ड वर्गांतली अकरा-बारा हजार शासनमान्य ग्रंथालयं आहेत, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. शंकर गणेश दात्यांनी कॉम्प्युटर नसताना १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची विषयवार ग्रंथसूची केली, ती १९४३ ला छापली, मग पुढची १९५० पर्यंतची. विषयवार, हे लक्षात घ्या. एका माणसाने तेव्हा जे केलं त्याच्या पुढे जाऊन आज सगळ्या ग्रंथालयांचा एक जोडलेला कॅटलॉग व्हायला काय हरकत आहे? कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर आहे, बऱ्याच ठिकाणी नोंदी कॉम्प्युटरवर चढल्याही आहेत, पण त्या त्या इमारतीतच राहतात, आणि विषयाच्या रकान्यात नुसतं 'कादंबरी', 'इतर', 'संकीर्ण'. वर्ल्डकॅटवर भारतातल्या फार थोड्या लायब्ऱ्या आहेत, त्यामुळे आपलं पुस्तक आपल्या गावात असूनही तिथे जवळची प्रत म्हणून हजारो मैल लांबचं विद्यापीठ दिसतं.

तर परदेशातल्यांसाठी माझ्याकडून पाचपैकी साडेचार, भारतातून वापरणाऱ्यांसाठी तीन, कारण तिथे यादी मिळते, संदर्भ मिळतात, पण पुस्तक हाती येत नाही. भारतातून बघत असाल तर नोंदीतलं प्रकाशक, साल आणि आवृत्ती लिहून घ्या आणि ते घेऊन आपल्या जवळच्या जुन्या ग्रंथालयात जा, नुसतं नाव सांगण्यापेक्षा यावर कर्मचारी पटकन शोधून देतात. फुकट अकाउंट काढलं तर याद्या करून ठेवता येतात, त्या इतरांना दाखवताही येतात, माझी गिरणगावाची यादी मी सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. तुमच्याकडे कोकणातली बंदरं, ऊसतोड, देवदासी, कुस्ती, कशावरही अशी यादी असेल तर कमेंटमध्ये लिंक टाका, आणि कुठल्या विषयशीर्षकावरून गेलात ते जरूर लिहा.